बेळगावहून परदेशी जाणारा कंटेनर: सील, वजन आणि माग यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथले फाउंड्री आणि मशीनशॉपवाले, निपाणी-संकेश्वरचे व्यापारी, खानापूरकडचे काही नवे निर्यातदार यांच्याकडून येणारे हे प्रश्न आहेत. निर्यातीची कागदपत्रं करणं हे माझं रोजचं काम. तेच प्रश्न फोनवर घाईघाईत सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढलं. आपल्याकडचे बहुतेक कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला जातात, तेव्हा उत्तरंही तीच वाट धरून आहेत.

१. महिन्याला आमचा जेमतेम एक कंटेनर. बिडाच्या कास्टिंगमध्ये चोरण्यासारखं आहे तरी काय?

बिडाच्या पंप-बॉडी कुणी वाटेत उतरवून विकणार नाही, हे खरं. पण अमली पदार्थांच्या टोळ्यांना असाच कंटेनर सोयीचा पडतो: जुना निर्यातदार, नेहमीचा ग्राहक, कुणाला संशय येणार नाही असा माल. दार उघडायचं, दारालगत दोन बॅगा टाकायच्या आणि बनावट सील मारायचं. पलीकडच्या बंदरात टोळीचा माणूस बॅगा काढून घेतो. त्याच्या आधी त्या कस्टमच्या हाती लागल्या, तर शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला दिलेल्या कागदावर, नाव तुमचं असतं आणि खुलासाही तुम्हालाच द्यावा लागतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने जानेवारी २००२ मध्ये परदेशी बंदरांतच संशयित कंटेनर तपासण्याची योजना सुरू केली. १ जुलै २००४ पासून जहाजं आणि बंदरांसाठी आयएसपीएस ही आंतरराष्ट्रीय सुरक्षा संहिता लागू झाली. तुमचा ग्राहक ‘गेटवर रजिस्टर आहे का, सील कोण लावतो’ असं विचारणारी लांबलचक प्रश्नावली पाठवतो, तिचं मूळ तिथे आहे. ती मनापासून भरा. त्याच्या देशात त्यालाही अशीच उत्तरं द्यावी लागतात.

२. कंटेनर नंबरातला शेवटचा, चौकटीतला आकडा कसला?

तो पडताळणीचा आकडा. आयएसओ ६३४६ या मानकाप्रमाणे नंबरात आधी चार अक्षरं येतात. पहिली तीन मालकाची, चौथं बहुधा ‘यू’. मग सहा आकडे आणि शेवटी हा एक. अक्षरांना ठरावीक किमती असतात: ए म्हणजे १०, बी म्हणजे १२, याप्रमाणे पुढे, ११, २२ आणि ३३ वगळून. पहिल्या स्थानाची किंमत १ ने, दुसऱ्याची २ ने, तिसऱ्याची ४ ने, अशी दुपटीने वाढत्या संख्यांनी गुणायची. बेरजेला ११ ने भागून जी बाकी उरते, ती चौकटीत. बाकी १० आली तर चौकटीत ० लिहितात.

‘सीएसक्यूयू ३०५४३८’ हा नंबर घ्या. बेरीज ६१८५ येते, ११ ने भागल्यावर बाकी ३, म्हणून चौकटीत ३. हे गणित हाताने करायची गरज नाही, संगणक करतो. पण नंबर टाइप केल्यावर ‘चुकीचा कंटेनर नंबर’ असा संदेश आला, तर साइट बिघडली असं समजू नका. बहुतेक वेळा आपलाच एखादा आकडा उलटसुलट झालेला असतो. सील नंबराला असा राखणदार नाही, त्याची गोष्ट प्रश्न ७ मध्ये आहे.

३. साधं पत्र्याचं सील चालत नाही का? बोल्ट सीलच का?

आयएसओ १७७१२ मानकात सीलचे तीन वर्ग आहेत: ‘आय’, ‘एस’ आणि ‘एच’. आंतरराष्ट्रीय कंटेनरला ‘एच’, म्हणजे उच्च सुरक्षेचं सील लागतं. पत्र्याची पट्टी पक्कडीने तुटते. बोल्ट सील कापायला मोठा बोल्ट कटर लागतो. विकत घेताना सीलवर ‘एच’ कोरलेलं आहे का, ते बघा.

ठरवून आलेल्या माणसाला सील थांबवू शकत नाही. त्याने हात लावला होता, एवढं मात्र ते नंतर सांगतं. म्हणून सीलचा डबा स्टोअरच्या उघड्या फळीवर ठेवू नका. कुलपात ठेवा, कोणत्या दिवशी कोणी कोणता नंबर नेला ते लिहा, आणि खराब झालेलं सीलसुद्धा फेकू नका, नोंदवून ठेवा.

४. ई-सील लावलं की गाडी मोबाइलवर दिसते ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. ई-सील म्हणजे आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी) चिप बसवलेलं बोल्ट सील. त्यात जीपीएस नसतं. बंदरावर कस्टमचा माणूस रीडर जवळ नेतो तेव्हा चिप आपला नंबर सांगते, आणि बोल्ट कापलेला असेल तर तेही कळतं. मधल्या पाचशे किलोमीटरमध्ये ते गप्पच असतं.

सील लावल्यावर आयईसी (निर्यातदाराचा आयात-निर्यात कोड), शिपिंग बिलाचा नंबर आणि तारीख, सील नंबर, सील लावल्याची तारीख आणि वेळ, कंटेनर नंबर, गाडी नंबर आणि कोणत्या कस्टम स्टेशनला माल जाणार ही माहिती ऑनलाइन भरावी लागते. ती गाडी फाटकातून बाहेर पडण्याआधीच भरा. ‘संध्याकाळी निवांत भरतो’ म्हणणाऱ्यांची गाडी बंदरावर निवांत उभी राहते.

५. सील लावायला दरवेळी अधिकारी बोलवायचा का?

पूर्वी बोलवावा लागे. २०१७ मध्ये जीएसटीबरोबर ती पद्धत गेली आणि सेल्फ-सीलिंग आलं. कस्टमकडे अर्ज करायचा, ते जागा पाहून परवानगी देतात, आणि मग त्याच जागेत तुमचाच जबाबदार माणूस ई-सील लावतो. परवानगी जागेची असते, हे लक्षात ठेवा. उद्यमबागेतल्या शेडची परवानगी घेऊन होनग्याच्या गोदामात कंटेनर भरता येत नाही. परवानगी नसेल तर माल सुटा नेऊन बंदराजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, भरायचा. तिथे माल जास्त हातांतून जातो.

६. रिकामा कंटेनर दारात आला की नेमकं काय बघायचं?

ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून आलेला असतो, फोर्कलिफ्ट तयार असते, आणि सगळ्यांना भरायची घाई असते. तरी वीस मिनिटं काढाच.

सात ठिकाणं बघायची: समोरची भिंत, डावी बाजू, उजवी बाजू, फरशी, छत, दारं आतून-बाहेरून, आणि खालचा सांगाडा. एका माणसाने आत जायचं, दुसऱ्याने बाहेरून दारं लावायची आणि तिथेच थांबायचं. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. मग छताला किंवा कोपऱ्यात सुईएवढं भोक असलं, तरी उजेडाची तिरीप दिसते. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी येतं आणि मशीन केलेल्या भागांवर गंज चढतो.

त्यानंतर टेप लावा. वीस फुटीची आतली लांबी साधारण १९ फूट ४ इंच आणि उंची ७ फूट १० इंच असते. लांबी फूटभर कमी भरली तर पुढे खोटी भिंत असू शकते. भिंतीवर हाताने ठोका, पोकळ आणि भरीव आवाज कानाला लगेच वेगळे कळतात. ताजा रंग, नवं वेल्डिंग, पुट्टीचा वास असं काही आढळलं तर कंटेनर परत करा आणि फोटो काढून लायनरला, म्हणजे जहाज कंपनीला, कळवा. फेरीभाड्यावरून वाद होईल, होऊ द्या.

७. सील नंबरात एका आकड्याची चूक झाली तर एवढं काय बिघडतं?

बरंच बिघडतं. काही वर्षांपूर्वीची चूक सांगतो, ती माझ्या टेबलावर झाली होती. कारखान्यातल्या जुन्या सुपरवायझरमामांनी गेट रजिस्टरात सील नंबर लिहिला आणि त्या पानाचा फोटो मला पाठवला. शेवटचे आकडे होते १४१. मामा मराठी शाळेत शिकलेले, त्यांनी सवयीने मराठी आकडे लिहिले. मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी आठसारखा. मी ९८९ असं टाइप केलं. बंदरावर सील आणि नोंद जुळेना. दुरुस्तीचा अर्ज, सीएचएची (आपलं कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाची) धावपळ, आणि तोवर जहाज गेलं. पुढचं जहाज आठवड्याने होतं.

आपल्या भागात एकाच गेटवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तिन्ही आकडे चालतात. तेव्हा माझा नियम आता एकच आहे: हाताने लिहिलेला सील नंबर मी घेतच नाही. लावलेल्या सीलचा जवळून फोटो हवा, आणि दुसरा असा, ज्यात दारावरचा कंटेनर नंबर आणि सील एकत्र दिसतील.

८. सील शाबूत होतं, नंबर जुळला, तरी दोन पेट्या कमी निघाल्या. कसं शक्य आहे?

शक्य आहे, कारण सील ज्या हँडलला लावतो ते हँडल स्वतः रिव्हेटने किंवा नट-बोल्टने बसवलेलं असतं. सीलला धक्का न लावता तो रिव्हेट काढायचा, हँडल बाजूला करायचं, दार उघडायचं आणि परत नवा रिव्हेट ठोकून वर रंग मारायचा. बिजागऱ्यांच्या बाजूनेही हाच उद्योग होतो.

उपाय तीन आहेत. एक, कंटेनर निघताना हँडलच्या रिव्हेटांचे आणि बिजागऱ्यांचे फोटो. गंजलेल्या दारावर एकच रिव्हेट चकाकत असेल, तर तो फोटोत डोळ्यांत भरतो. दोन, सील लावल्यावर चार गोष्टी: नीट बघा, नंबर कागदाशी जुळवा, बोल्ट पिळून बघा, जोर लावून ओढा. ढिलं असेल किंवा आट्यांसारखं फिरत असेल तर ते सील कामाचं नाही. तीन, माल किमती असेल तर दोन्ही दारांच्या उभ्या दांड्यांना मिळून एक केबल सीलही घाला.

आणि मोजणी. पेट्या खरंच भरल्या होत्या का, हा प्रश्न ग्राहक आधी विचारतो. पाव भाग भरल्यावर, अर्धा भरल्यावर, पूर्ण भरल्यावर आणि एक दार लावल्यावर असे चार फोटो काढले, तर उत्तर देता येतं.

९. काट्याची चिठ्ठी आहे, मग व्हीजीएम वेगळं कशाला?

१ जुलै २०१६ पासून, भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. यामागे अनुभव आहे. २००७ मध्ये ‘एमएससी नेपोली’ हे जहाज इंग्लिश खाडीत मोडकळीला आलं. नंतर डेकवरचे कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर तोलले, तर त्यांतल्या १३७ चं वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळं निघालं.

दोन पद्धती आहेत. भरलेला कंटेनर काट्यावर तोलायचा आणि गाडीचं वजन वजा करायचं, किंवा आतल्या सगळ्या वस्तू तोलून त्यात दारावर लिहिलेलं रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवायचं. फाउंड्रीवाल्यांची चूक ठरलेली असते, ते फक्त मालाचं निव्वळ वजन देतात. माल १८,६४० किलो, लाकडी पॅलेट आणि पाचरी ७६०, कंटेनर २,२३०, म्हणजे व्हीजीएम २१,६३०. मधले ७६० विसरू नका. चिठ्ठी हा पुरावा झाला. व्हीजीएम म्हणजे त्यावर तुमच्या सहीने दिलेली हमी.

१०. गाडी कुठवर पोचली ते घरबसल्या कसं कळेल?

एका जागी सगळं दिसत नाही, तुकडे जोडावे लागतात. रस्त्यावर सगळ्यात खात्रीचा माग फास्टॅगचा. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक नाक्यावर पैसे कापल्याचा संदेश वेळेसह गाडीमालकाला जातो. भाडं ठरवतानाच सांगा की हे संदेश आम्हाला पुढे पाठवायचे. किणी ते तासवडे जिथे तासा-सव्वा तासाचं काम, तिथे पाच तास गेले, तर लगेच फोन करून विचारा.

कंटेनरसाठी लॉजिस्टिक्स डेटा बँक आहे. २०१६ च्या जुलैत न्हावा शेवापासून ती सुरू झाली. टॅग लावलेला कंटेनर रीडरसमोरून गेला की नोंद होते, आणि कंटेनर नंबर टाकून ती कुणालाही बघता येते. शिपिंग बिल, लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल चढवायला कस्टमची परवानगी) यांची स्थिती कस्टमच्या आइसगेट या साइटवर. जहाजावर चढल्यावरचं लायनरच्या साइटवर.

११. जहाज चार दिवस एकाच जागी दिसतं. बुडालं तर नाही?

घाबरू नका. जहाजं एआयएस नावाच्या यंत्राने आपली जागा सांगत असतात. किनाऱ्यावरचे अँटेना ते साधारण ४० सागरी मैलांपर्यंत ऐकतात. त्यापुढे उपग्रह लागतो आणि ती माहिती बहुतेक ठिकाणी पैसे भरून मिळते. फुकटच्या नकाशावर जहाज शेवटचं जिथे ऐकू आलं तिथेच थिजलेलं दिसतं.

लायनरच्या साइटवर तर जागा नसतेच, घटना असतात: चढला, उतरला, निघाला. कोलंबोला किंवा ओमानच्या सलाला बंदरात कंटेनर एका जहाजावरून उतरून दुसऱ्याची वाट बघत असेल, तर मधले दिवस कोरेच राहतात. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच लायनरनी युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली. त्यात दहा दिवस ते दोन आठवडे वाढतात. ग्राहकाला तारीख देण्याआधी जहाज कोणत्या वाटेने जाणार ते लायनरला विचारा.

१२. मग कंटेनरमध्येच जीपीएस टाकला तर?

किमती मालाला जरूर विचार करा, पण तीन गोष्टी ध्यानात ठेवून. पोलादी पेटीच्या आत सिग्नल पोचत नाही, म्हणून यंत्र दाराच्या बाहेरच्या खाचेत बसेल असं हवं. भर समुद्रात मोबाइल नेटवर्क नसतं, तेव्हा तिथे ते आंधळंच. आणि त्यात लिथियम बॅटरी असते, ती लायनरला आधी कळवावीच लागते. महिन्याला एक कंटेनर कास्टिंग पाठवणाऱ्याने हा खर्च करण्याआधी प्रश्न ६ आणि ८ मधलं फुकटातलं काम करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

१३. पुरात किंवा आंदोलनात गाडी अडकली तर काय करायचं?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. निपाणीपासून गाड्यांच्या रांगा आपण पाहिल्या आहेत. सीमाप्रश्न तापला की राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळीलाही तेच होतं.

पहिलं काम ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन दाखला. २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने न्हावा शेवापर्यंत तीन दिवस मिळतात. मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास किंवा नंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. दुसरं, सीएचएला कळवा, म्हणजे त्या जहाजासाठी बंदराचं गेट बंद व्हायच्या आत गाडी पोचणार नसेल तर पुढचं जहाज धरता येईल. तिसरं, ड्रायव्हरला बजावून सांगा की गाडी रांगेत, दिव्याखाली, दार दुसऱ्या गाडीला किंवा भिंतीला टेकवून लाव. गाडी बिघडून कंटेनर दुसऱ्या ट्रेलरवर घ्यावा लागला तर ई-वे बिलात गाडी नंबर बदला आणि सीएचएला सांगून ई-सीलच्या नोंदीतलाही दुरुस्त करा.

१४. वाटेत अधिकाऱ्यांनी सील तोडून तपासणी केली तर माल बाद होतो का?

बाद होत नाही, पण कागद लागतो. कोणी, कुठे, किती वाजता, कशासाठी उघडलं, जुना आणि नवा सील नंबर काय, हे अधिकाऱ्यांच्या सही-शिक्क्यानिशी घ्यायचं. मग सीएचएमार्फत कस्टमला कळवायचं. या कागदाशिवाय गाडी बंदरावर गेली, तर ते सील तोडलेलंच ठरतं.

मी प्रत्येक गाडीबरोबर एक पानी पत्र देतो, वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत: हा निर्यातीचा सीलबंद माल आहे, उघडणं आवश्यक असल्यास आधी या नंबरवर फोन करावा ही विनंती. कोगनोळीच्या अलीकडे वरचा भाग उपयोगी पडतो, पलीकडे खालचा.

१५. जुन्या कागदांवर बेळगावचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे, नव्यांवर बेळगावी. चालेल?

बोलताना आपण बेळगावच म्हणतो आणि म्हणणार. पण १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, आणि अमेरिकेला माल जात असेल तर आयातदाराला दहा गोष्टी तिथल्या कस्टमला कळवाव्या लागतात, त्यांतल्या आठ माल जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी. या दहांत उत्पादकाचा पत्ता आणि कंटेनर कुठे भरला ती जागा या दोन येतात. चूक झाली तर त्याला ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा आयईसी, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती) सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. आयईसीवर जुनं असेल तर ते आधी बदलून घ्या.

१६. एफओबीवर विकलं म्हणजे फाटकाबाहेर गेल्यावर जबाबदारी संपली?

नाही. एफओबी (फ्री ऑन बोर्ड) या विक्रीच्या अटीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुमची. म्हणजे तवंदी घाट, खंबाटकी घाट, बंदराचं यार्ड, सगळं तुमच्या खात्यावर. एफसीए (फ्री कॅरिअर) या अटीत ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्यावर ती सुटते, आणि कंटेनरच्या मालाला तीच अट अधिक योग्य. ग्राहकाशी बोलून बघा.

विमा मात्र कुठल्याही अटीत आपल्या टप्प्यापुरता असू द्या. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, तेव्हा जहाज सोडवण्याच्या खर्चाची विभागणी मालवाल्यांवरही आली. ज्यांचा विमा नव्हता, त्यांना हमी भरल्याशिवाय माल मिळण्याची सोय नव्हती.

१७. पहिला कंटेनर निघताना नारळ फोडतो, हार घालतो, फोटो स्टेटसला टाकतो. त्यात काही चूक आहे का?

नारळ फोडा, पेढे वाटा. पोरांनी रात्रपाळ्या करून माल वेळेत काढलेला असतो, फोटो हवाच. पण त्या फोटोत बहुधा उजवं दार असतं, त्यावर कंटेनर नंबर, हँडलला सील आणि सीलवर नंबर, सगळं वाचता येईल असं. प्रश्न १ मधल्या बनावट सीलवाल्याला एवढंच लागतं. नंबर बघून बनावट ईमेल पाठवणारेही असतात: ‘तुमच्या कंटेनरवर बंदरात दंड आहे, या खात्यात भरा.’ खरा नंबर दिसला की आपला अकाउंटंट विश्वास ठेवतो.

म्हणून फोटो दारं उघडी असताना, सील लावण्याआधी काढा, आतल्या पेट्यांसमोर सगळे उभे राहून. हार दाराच्या नंबरावर येईल असा घाला.